‘प्रेरणा’ कुणाची आणि मजुरी कुणाची?

चित्रांच्या प्रदर्शनाची माहितीपत्रकं वाचायची सवय असेल तर एक वाक्य तुम्हाला पाठ असेल. ‘लोककलेपासून प्रेरणा घेऊन कलावंताने तिला कलेच्या उच्च पातळीवर नेलं.’ देश बदलतो, कलावंत बदलतो, वाक्य बदलत नाही. आमच्या अभ्यासगटात नॉर्वेच्या हान्ना रिग्गेन हिच्या विणलेल्या चित्रांवर चर्चा झाली, तेव्हाही कुणीतरी हेच वाक्य वाचून दाखवलं आणि सगळ्याजणींनी ते मुकाट मान्य केलं. माझा त्याला विरोध आहे. हान्नाला नाही, त्या वाक्याला. वरवर ते कौतुकाचं दिसतं, पण त्याच्या पोटात पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांच्या श्रमाची चोरी आहे, आणि या चोरीला आपण चळवळीतल्या बायाही ‘प्रेरणा’ म्हणतो.

उच्च पातळीवर नेलं म्हणजे काय? मग खाली कोण उभं होतं? आणि तिला खाली ठेवलं कुणी?

नॉर्वेपासूनच सुरुवात करू. डोंगर, समुद्राच्या आत घुसलेल्या अरुंद खाड्या, लांबलचक हिवाळा, दरीदरीतून विखुरलेली शेतघरं. या घरांत दोन प्रकारचे रंग असायचे. एक लाकडावरचे. पेटारे, कपाटं, भिंती यांच्यावर वेलबुट्टीची रंगीत फुलं काढायची, ज्याला ‘रोसेमालिंग’ म्हणतात. हे काम प्रामुख्याने पुरुषांचं. रंगारी या घरून त्या घरी जात, काम करत, पैसे घेत. त्यांतल्या कित्येकांची नावं आज इतिहासात आहेत. हालिंगदालचा हेरब्रांड साटा, टेलेमार्कचा ओला हान्सन. दुसरे रंग लोकरीचे. घरच्या मेंढ्यांची लोकर पिंजायची, कातायची, पालापाचोळ्यात उकळून रंगवायची आणि मागावर पलंगाची जाड पांघरुणं विणायची, त्यांना ‘ओक्ले’ म्हणतात. गुडब्रान्सदालच्या खोऱ्यात तर सतराव्या-अठराव्या शतकात अख्खी चित्रं विणली जात. त्यांतला फार आवडता विषय बायबलमधल्या शहाण्या आणि वेड्या कुमारिकांचा. शहाण्यांनी दिव्यात तेल भरून ठेवलं, वेड्यांनी ठेवलं नाही, म्हणून नवरदेवाच्या घराचं दार त्यांच्या तोंडावर बंद झालं. बाईनेच विणायचं आणि त्यात बाईलाच धडा द्यायचा! पण हा विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता गंमत पाहा. त्या रंगवलेल्या पेटाऱ्यावर पुष्कळदा बाईचं नाव असतं. अमक्याची मुलगी तमकी, अमुक साल. ते नाव मालकिणीचं, लग्नात पेटारा घेऊन जाणाऱ्या मुलीचं. म्हणजे पुरुषाने रंगवलेल्या पेटाऱ्यावर बाईचं नाव आहे, आणि त्या पेटाऱ्यात ठेवलेलं, बाईने महिनोन् महिने बसून विणलेलं पांघरूण बहुतेक वेळा बेनाव आहे. कुणी विणलं हे लिहून ठेवायची गरजच कुणाला वाटली नाही. ते तर घरचंच काम!

अपवाद आहेत. सेल्बू गावची मारित एमस्टाड ही मुलगी. १८५७ साली, जेमतेम सोळा वर्षांची असताना, तिने काळ्यापांढऱ्या लोकरीचे हातमोजे विणले आणि त्यांवर आठ पाकळ्यांची चांदणी घातली. ती आणि तिच्या बहिणी ते मोजे घालून चर्चमध्ये गेल्या आणि गावभर नमुना पसरला. आज ती चांदणी जगात कुठेही ‘नॉर्वे’ म्हणून ओळखली जाते, स्वेटरवर, टोप्यांवर, कपांवर. मारितचं नाव गावाने जपलं म्हणून राहिलं. ज्यांचं गावाने जपलं नाही अशा किती असतील, तुम्हीच विचार करा.

नॉर्वेजियन भाषेत या सगळ्या घरगुती कारागिरीला ‘हूसफ्लिद’ म्हणतात. हूस म्हणजे घर. फ्लिद म्हणजे उद्योगीपणा, कामसूपणा. कलेला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘कुन्स्त’. पुरुषांचं लाकूड कोरणंही हूसफ्लिदमध्ये येतं, हे मान्य. पण विणकाम आणि भरतकामाला हा शब्द असा काही चिकटला की सुटता सुटेना. ‘सून मोठी कामसू आहे हो तुमची’ या वाक्यात जेवढं कौतुक, तेवढंच त्या शब्दात. कामसूपणाची शाबासकी मिळते. सही मागितली जात नाही.

१८९१ साली तिथे हूसफ्लिदला उत्तेजन देणारी राष्ट्रीय संस्था निघाली. त्यामागचं राजकारण समजून घ्यायला हवं. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता, तो सुटला १९०५ मध्ये. आपण वेगळं राष्ट्र आहोत याचे पुरावे हवे होते आणि ते सापडले शेतकऱ्याच्या घरात. बोलीत, लोककथांत, बाईच्या पांघरुणात. पुरुषांना सरसकट मताधिकार मिळाला १८९८ मध्ये, बायकांना १९१३ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं त्या राष्ट्राला बाईने विणलेलं पांघरूण हवं होतं, बाईचं मत नको होतं.

याच काळात गेरहार्ड मुंथे नावाचा चित्रकार पुढे आला (१८४९–१९२९). निसर्गचित्रं काढणारा हा माणूस १८९० नंतर लोककथा आणि जुन्या विणकामाच्या ढंगाने जलरंगात सपाट, ठसठशीत रंगांची चित्रं काढू लागला. चित्रं चांगली आहेत, त्याबद्दल वाद नाही. ट्रोंडहाइमच्या कारागिरी संग्रहालयात १८९८ ते १९०९ या काळात विणशाळा चालली. तिची प्रमुख ऑगस्टा क्रिस्टेन्सन. तिथे बायकांनी मुंथेची चित्रं लोकरीत विणली. ती गाजली. कुणाच्या नावाने? मुंथेच्या.

विणलेलं चित्र म्हणजे नक्कल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मागाजवळ बसावं. कागदावर कुंचला वळतो तशी बाण्याची रेष वळत नाही, ती पायरीपायरीने चढते. दोन रंग उभ्या रेषेत शेजारी आले की मध्ये फट पडते. ती तशीच ठेवायची, मागून शिवायची की दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे, हे विणणारीने ठरवायचं असतं. कागदावर ओला रंग पसरून जी छटा येते ती लोकरीत आणायला किती रंगांच्या लडी लागतील, हेही तीच ठरवणार. हजार निर्णय तिचे. पण कल्पना ‘त्याची’ आणि हात ‘तिचे’, अशी वाटणी एकदा झाली की हाताचे निर्णय मोजायचे नाहीत असा जगाचा रिवाज आहे. संग्रहालयाच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत विणणारीचं नाव कुठे कुठे असतं, नाही असं नाही. बोलताना मात्र ते ‘मुंथेचं’ असतं.

याच काळातली फ्रिडा हॅन्सन (१८५५–१९३१). स्टावांगेरच्या सधन व्यापारी घरातली. नवऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा तिने भरतकामाचं दुकान काढून घर चालवलं. या धंद्यामुळे जुनी विणकामं तिच्या हाती आली. मग १८८९ मध्ये ती सोग्न भागातल्या लॅर्दालला गेली आणि शेर्स्टिना हाउगलुम नावाच्या बाईकडून जुना उभा माग शिकली. (शिकवणारीचं नाव राहिलंय, म्हणून मुद्दाम लिहिते.) वनस्पतींचे रंग शिकली, स्वतःची विणशाळा काढली, ताण्याचा काही भाग मोकळा सोडून पारदर्शक पडदे विणायची रीत शोधली आणि १८९७ मध्ये तिचं पेटंटही घेतलं. ‘आकाशगंगा’ हे तिचं १८९८ मधलं विणकाम हॅम्बर्गच्या संग्रहालयाने घेतलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं.

आणि घरी काय म्हणाले? ही पुरेशी नॉर्वेजियन नाही! तिच्या आकृत्या युरोपीय वळणाच्या आहेत. शेतकरीण बाईकडून माग शिकलेली, रानातला पाला उकळून रंग काढणारी बाई परकी ठरली आणि जलरंगात लोककला काढणारा बुवा अस्सल देशी. पुढे तिला विसरलेच. १९७०च्या दशकात आनिकेन थ्यू या संशोधक बाईने तिच्यावर काम केलं तेव्हा कुठे ती अभ्यासाच्या पुस्तकांत परत आली. ‘परंपरा’ कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा हक्क कुणाकडे असतो, ते यावरून दिसतं. धाग्याशी त्या हक्काचा काही संबंध नसतो.

या पार्श्वभूमीवर हान्ना रिग्गेनकडे या.

१८९४ मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात जन्म. शाळामास्तरीण झाली, संध्याकाळी चित्रकला शिकली, तीही वर्षानुवर्षं, नीट गुरूकडे. हान्स रिग्गेन या नॉर्वेजियन चित्रकाराशी लग्न केलं आणि १९२४ च्या सुमारास दोघं ट्रोंडहाइमजवळच्या ओर्लानला छोट्याशा शेतावर राहायला गेली. वीज नाही, नळ नाही. तिने कुंचला बाजूला ठेवला. नवऱ्याने तिला माग करून दिला. (नवऱ्याचं एवढं काम लक्षात ठेवायला हरकत नाही.) लोकर ती स्वतः कातायची. रंग आजूबाजूच्या रानातले, बर्चची पानं, मुळं, खडकावरची शेवाळी, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. निळा रंग जुन्या शेतकरणींच्या रीतीने, नीळ आणि माणसाचं मूत्र आंबवून. आल्यागेल्या पाहुण्यांनाही त्यासाठी बादली दाखवली जाई असं सांगतात. आपल्या इंडिगोप्रेमी बुटिकवाल्यांनी हे जरूर वाचावं.

आणि या लोकरीत तिने काय विणलं? फुलं-पानं नाही. १९३३ मध्ये कर्जाच्या समुद्रात बुडणारी माणसं विणली. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा ‘इथिओपिया’ विणलं, त्यात मुसोलिनीचं मुंडकं भाल्यावर. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात, जिथे पिकासोचं ‘गेर्निका’ लागलं त्याच प्रदर्शनात, हे विणकाम नॉर्वेच्या दालनात होतं. पण मुंडक्याचा भाग दुमडून ठेवला. इटलीला वाईट वाटेल ना! १९३७ मध्येच ‘कुमारी माता’. तिच्या देशात काट्टी आंकर म्योलरसारख्या बायकांच्या लढ्यानंतर १९१५ च्या कायद्याने अशा मुलांना बापाचं नाव आणि वारसा मिळाला होता. लोकांच्या नजरा मात्र कायद्याने बदलत नाहीत, हे आपल्यापैकी परित्यक्तांचं काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. १९३८ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी लिझेलोटे हेरमान या लहान मुलाच्या कम्युनिस्ट आईचा शिरच्छेद केला, त्याच वर्षी हान्नाने तिला मागावर घेतलं. जर्मनांनी नॉर्वे व्यापल्यावर ६ ऑक्टोबर १९४२ रोजी दहा नागरिकांना गोळ्या घातल्या, त्यावर तिने १९४३ मध्ये, जर्मन तिथे असतानाच, विणलं. १९४४ मध्ये नवऱ्याला पकडून छळछावणीत नेलं. ती विणतच राहिली. म्हातारपणी, १९६६ मध्ये, व्हिएतनामवर ‘गवतात रक्त’. चार वर्षांनी ती गेली.

हान्ना स्वतःला चित्रकार म्हणवायची. कुंचल्याऐवजी हातात माग आहे, एवढाच काय तो फरक, असं तिचं म्हणणं. आमच्या अभ्यासगटातल्या मैत्रिणींनी नेमकं हेच माझ्या तोंडावर मारलं: ‘बघ, तिलाही विणकरीण म्हणवून घ्यायचं नव्हतं. म्हणजे तिने कारागिरीला कला केलं.’ मी याचा अर्थ वेगळा लावते. हान्ना आधी कागदावर नकाशा काढून मग विणत नसे. थेट मागावर चित्र घडे. म्हणजे मुंथेच्या काळी कागदावरचा ‘तो’ आणि मागावरची ‘ती’ अशी जी वाटणी झाली होती, तीच तिने मोडली. विचार करणारी, लोकर कातणारी, रंग उकळणारी आणि विणणारी बाई एकच. तिने हस्तकलेला उचलून वर वगैरे काही नेलं नाही. डोकं एकाचं आणि हात दुसरीचे, ही विभागणीच तिने नाकारली. गुडब्रान्सदालची बाई तरी वेगळं काय करत होती? तीही स्वतःच विचार करून स्वतःच विणत होती. तिला सही करायला कुणी सांगितलं नाही, राजकारणावर विणायची मुभा नव्हती, आणि हिवाळा संपला की गोठा वाट पाहत होता, एवढंच.

इथे काहीजणी म्हणतील, मागाचे गोडवे कशाला गातेस? चूल, मूल, सुई, माग, यातून तर बाईला बाहेर काढायचं होतं. बरोबर आहे. हान्नाने माग निवडला होता. शिकलेली होती, पगाराची नोकरी करून झालेली होती. शेतकऱ्याच्या सुनेपुढे निवड नव्हती. सक्तीचं काम सुंदर झालं म्हणून सक्ती सुंदर होत नाही. पण कामाची सक्ती होती म्हणून कामातली बुद्धी नाकारायची, हा कुठला न्याय? ज्यांनी तिला घरात कोंडलं त्यांनी आधी तिचं डोकंच नाही असं ठरवलं होतं. आपण पुन्हा तेच म्हणायचं का?

दुसरा आक्षेप जास्त पुढारलेला आहे. व्यक्तीचं नाव, सही, मालकी हे सगळं भांडवली खूळ, लोककला सामूहिक असते, तिला नाव कशाला? ऐकायला छान वाटतं. मग चित्रकारानेही सही काढून टाकावी की! सामूहिकता फक्त बायकांच्या वाट्याला आणि नाव फक्त पुरुषाच्या वाट्याला, तर ती कसली सामूहिकता? वारल्यांच्या लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहायचा अशी रीत होती. सत्तरच्या दशकात भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं, आणि जगाला माहीत झालेली नावं मुख्यतः पुरुषांची. त्या कलावंतांनी कष्ट केले, त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. प्रश्न त्यांना नाही, बाजाराला आहे. जिथे पैसा येतो तिथे बाईचं नाव का गळतं?

नॉर्वेच्या बायकांनी आपला वारसा अलीकडे कसा वापरला तेही सांगते. ‘बुनाद’ म्हणजे तिथला भरतकामाचा ठेवणीतला पोशाख, राष्ट्रीय सणाला घालायचा. २०१९ मध्ये क्रिस्टियान्सुन शहरातला बाळंतपणाचा विभाग बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा बायका हे ठेवणीतले पोशाख घालून रस्त्यावर उतरल्या आणि स्वतःला ‘बुनाद गनीम’ म्हणवू लागल्या. सणाला मिरवायची शोभेची बाई निषेधाला उभी राहिली. आपल्याकडे नऊवारी नेसून शोभायात्रेत मोटारसायकल चालवायचं कौतुक खूप होतं. तीच नऊवारी नेसून बंद पडलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर बसायला किती जणी येतील?

नॉर्वेचा आणि आपला एक सरळ संबंध आहे, तो जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९८२-८३ पासून केंद्र सरकारची बायकांना प्रशिक्षण आणि रोजगार देणारी एक योजना नॉर्वेच्या मदतीने चालत होती, सगळे तिला ‘नोराड’च म्हणत. ती मदत १९९६-९७ मध्ये थांबली आणि योजना ‘स्वावलंबन’ म्हणून राहिली. मी तेव्हा लहान होते. पण समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना अशा ‘उत्पन्नवाढीच्या उपक्रमां’चे अहवाल वाचले आणि कामाला लागल्यावर जुन्या ताईंकडून ऐकलंही. बायकांना काही तरी शिकवायचं, या भाषेत सगळं चाले. बायकांना आधीच काय येतं हे विचारणारा रकाना माझ्या हाती आलेल्या एकाही अर्जात नव्हता. तो आजही सापडत नाही. आमच्या गटातल्या साठीच्या काकू गोधडीला टाका घालताना जुन्या लुगड्याचा कुठला तुकडा कुठे झिजलाय ते बोटाने ओळखतात आणि त्याप्रमाणे टाक्याची दिशा बदलतात. सरकारी कागदावर त्या ‘अकुशल’ आहेत.

आणि म्हणूनच हा लेख आत्ता लिहिते आहे. आमच्या तालुक्यातल्या गोधडीवाल्या बायकांकडे गेल्या वर्षी शहरातला एक चित्रकार आला. त्याचं नाव इथे देत नाही, माणूस वाईट नाही. त्याने कागदावर आकृत्या आणल्या. बायकांनी त्या हसून बाजूला ठेवल्या, कारण तशा आकृतीत कापड फुगा धरतं. त्यांनी आपल्या रीतीने तुकडे लावले. तो खूश झाला. चौरस फुटाला दर ठरला, पैसे वेळेवर मिळाले, हेही सांगते. मग शहरात प्रदर्शन झालं. माहितीपत्रकात त्याचं नाव, त्याचं शिक्षण, त्याचे परदेश दौरे आणि शेवटी ‘ग्रामीण महिलांच्या गोधडीकलेपासून प्रेरित’. सात जणींनी चार महिने केलेल्या कामाला एका शब्दात गुंडाळलं. सोजरबाई, ज्यांनी मधल्या मोठ्या गोधडीची मांडणी केली, त्यांनी मला विचारलं, ‘प्रेरित म्हंजी आमीच का?’

आता त्याला दुसरं प्रदर्शन करायचं आहे आणि तो परत आला आहे. बायकांच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पाटीवर शिवणारीचं नाव आणि गाव चित्रकाराच्या नावाएवढ्याच अक्षरांत. विक्रीच्या किमतीत हिस्सा, निव्वळ फुटाचा दर नाही. आणि गोधडीच्या मागच्या बाजूला तिने स्वतःच्या टाक्याने आपलं नाव घालायचं, ते कुणी उसवायचं नाही. दोन जणींना नाव घालायला संकोच वाटतो, सासरचं घालायचं की माहेरचं यावरही वाद आहे, तो त्या त्यांचा सोडवतील. विक्रीतल्या हिश्श्यावर बोलणी चालू आहेत. पाटीबद्दल मात्र प्रदर्शनवाल्यांचा निरोप आला आहे की एवढी नावं मावत नाहीत. पाटी मोठी करा, असं आम्ही उलट कळवलं आहे.